धाराशिवचीं लेणीं आणि दगडांतलें पाणी

पुण्याकडून हैदराबादेस जाणारा राजमार्ग सोलापूर सोडल्यावर थोड्याच वेळांत धाराशिव जिल्ह्यांत शिरतो. दुसरा एक राजमार्ग सोलापुराहून निघून तुळजापूर व धाराशिव या गांवांवरून बीडकडे वळतो आणि तसाच उत्तरेस धुळ्यापर्यंत जातो. देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालेल्या मालमोटारी आणि प्रवाशांच्या गाड्या या दोन्ही रस्त्यांवरून रात्रंदिवस धांवत असतात. त्यांतील प्रवासी या जिल्ह्यांत थांबलाच, तर बहुधा एकाच कारणासाठीं थांबतो. तें कारण म्हणजे तुळजाभवानीचें दर्शन. दर्शन झालें, प्रसाद घेतला, गळ्यांत कवड्यांची माळ घातली, कीं गाडी पुढें चालूं लागते. दोहों बाजूंस उघडें माळरान असतें, मधून मधून बालाघाटाच्या सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात, आणि हंगाम असला तर ज्वारीचीं व हरभऱ्याचीं रानें दिसतात. येथें पाहण्यासारखें असें काय असणार, हा प्रश्न गाडींत बसलेल्या माणसाच्या मनांत येणें अगदीं स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचें उत्तर माळावर नाहीं. तें माळाच्या पोटांत आहे. आजच्या भाषणांत त्या पोटांतल्या दोन जागांविषयीं मी बोलणार आहें. एक आहे डोंगरांत कोरलेली आणि दुसरी आहे धरणाच्या भिंतींत बांधलेली. दोहोंमध्यें सुमारें हजार वर्षांचें अंतर आहे, धर्म वेगळे आहेत आणि हेतूही वेगळे आहेत. तरी त्या एकाच वस्तूविषयीं बोलतात, आणि ती वस्तु म्हणजे पाणी.

प्रथम लेण्यांकडे जाऊं. धाराशिव हें गांवाचें जुनें नांव. निजामी अमदानींत सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून गांवास उस्मानाबाद म्हणूं लागले, आणि २०२३ सालीं जुनें नांव सरकारी कागदांत परत आलें. लेण्यांपुरतें बोलावयाचें तर तें नांव कधीं गेलेंच नव्हतें. जेम्स बर्जेस या पुरातत्त्ववेत्त्यानें १८७५-७६ च्या हंगामांत या भागाची पाहणी केली व १८७८ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून अभ्यासकांच्या ग्रंथांत हीं लेणीं धाराशिवचींच म्हणून नोंदलेलीं आहेत.

वेरूळचें कैलास लेणें दुरूनच आपलें वैभव सांगूं लागतें. धाराशिवच्या लेण्यांचा स्वभाव तसा नाहीं. गांवाबाहेर बालाघाटाच्या रांगेंत एक दरी आहे आणि तिच्या कडेंत हीं लेणीं खोदलेलीं आहेत. आपण माथ्यावर उभे असतों तेव्हां तीं आपल्या पायांखालीं असतात, आणि आपल्याला त्यांचा मागमूसही नसतो. दरींत उतरूं लागल्यावर कडेला वळण येतें आणि डोंगराच्या अंगांत काळोखाचे चौकोनी दरवाजे उघडे असलेले दिसतात. जुन्या काळीं साधूंनीं वर्षावासासाठीं अशीच जागा पसंत करावी, हें तेथें गेल्यावर कोणी न सांगतां समजतें. रस्त्याचा आवाज येथें पोंचत नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस दरीच्या उतारांवर हिरवळ असते, आणि कडेच्या खडकांतून पाणी ठिबकत असतें.

या समूहांतील दुसऱ्या क्रमांकाचें लेणें सर्वांत मोठें. त्याचा मंडप सुमारें ८० फूट लांब व तितकाच रुंद आहे. बाहेरच्या उजेडांतून आंत पाऊल टाकलें कीं क्षणभर कांहींच दिसत नाहीं. मग हळूहळू खांब दिसूं लागतात. ते चौकोनांत मांडलेले आहेत आणि त्या चौकोनाच्या आंत खांबांचा दुसरा चौकोन आहे. भोंवतीं भिंतींत साधूंच्या राहण्याच्या कोठड्या आहेत. त्या इतक्या लहान कीं एक माणूस, एक दिवा आणि एक पोथी यांपलीकडे तेथें कांहीं मावूं नये. मागच्या भिंतीच्या मध्यावर गाभारा आहे. तेथें पद्मासनांत बसलेली मोठी मूर्ति आहे, आणि तिच्या मस्तकावर नागफणांचें छत्र आहे. ही तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांची खूण. शेजारचें तिसरें लेणेंही याच घाटाचें आहे, पण त्याचा मंडप ५९ फुटांचा, म्हणजे बराच लहान.

हीं लेणीं मूळचीं कोणाचीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. कांहींजण त्यांच्या मांडणींत अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांचें साम्य पाहतात आणि तीं मूळचीं बौद्ध असून मागाहून जैन झालीं असें म्हणतात. कांहींजण त्यांना पहिल्यापासून जैन मानतात. या वादांत शिरण्याचें आज कारण नाहीं. ज्या घरांत अनेक पिढ्या नांदल्या, त्या घराच्या पहिल्या मालकाविषयीं मतभेद असावयाचेच. घर मात्र सर्वांनीं राखलें, ही गोष्ट महत्त्वाची.

अशा ओसाड वाटणाऱ्या मुलखांत एवढें मोठें काम करण्यास पैसा कोठून आला, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर ईशान्येस तेरणा नदीच्या कांठीं आहे. तेथील तेर हें गांव आज आपण संत गोरोबा काकांच्या समाधीमुळें ओळखतों. तेंच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या सागरप्रवासाच्या ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेलें मोठें शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे. तगर म्हणजेच तेर, हें फ्लीट यानें १९०१ सालीं साधार मांडलें. पुढें कोंकणांत आणि कोल्हापुरास राज्य केलेले शिलाहार राजे आपणांस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. अशा शहराच्या सावलींत, व्यापाराच्या वाटेजवळ, दानशूर श्रेष्ठींच्या द्रव्यावर लेणीं खोदलीं गेलीं असतील, तर त्यांत नवल नाहीं.

आणि याच तेराशीं जोडलेली एक कथा लेण्यांच्या पोटांतील पाण्याविषयीं आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर नांवाच्या जैन मुनीनें अपभ्रंश भाषेंत 'करकंडचरिउ' हें काव्य रचिलें. हिरालाल जैन यांनीं तें संपादून १९३४ सालीं वऱ्हाडांतील कारंजा येथील जैन ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें, आणि काव्यांतील लेणें म्हणजे हेंच धाराशिवचें लेणें, असें दाखवून दिलें. कथा अशी आहे.

करकंड राजा दिग्विजयास निघाला असतां त्याचा तळ तेरापूरनजीक पडला. तेथील राजानें त्यास सांगितलें, कीं जवळच्या डोंगरावर अनेक खांबांचें एक लेणें आहे, आणि माथ्यावर एक वारूळ आहे. एक हत्ती रोज सोंडेनें पाणी व कमळें आणून त्या वारुळाची पूजा करतो. करकंडानें जाऊन तें लेणें पाहिलें. वारूळ खणविलें, तों आंत पार्श्वनाथांची मूर्ति सांपडली. ती त्यानें लेण्यांत आणून ठेविली. मग त्याची दृष्टि लेण्यांतील जुन्या मूर्तीच्या सिंहासनाकडे गेली. त्या सिंहासनावर दगडाची एक गांठ होती. एवढें सुंदर काम, आणि त्यावर ही बेढब गांठ कशासाठीं? राजास ती खटकली. त्यानें एका वृद्ध कारागिरास विचारलें. कारागीर म्हणाला, हें लेणें खोदीत असतां येथें पाण्याची एक शीर फुटली होती. ती बंद करण्यासाठीं ही गांठ बसविली आहे; ती काढूं नये. पण राजा तो! ती गांठ फोडून टाकण्याचा त्यानें हुकूम दिला. गांठ फुटली, पाणी उसळलें आणि पाहतां पाहतां सारें लेणें पाण्यानें भरून गेलें.

राजास पश्चात्ताप झाला. तेव्हां एक नागकुमार देव प्रकट झाला. पूर्वीं नील व महानील नांवाच्या दोघां विद्याधर बंधूंनीं तेरापुरास राज्य केलें व हें लेणें करविलें, अशी हकीकत त्यानें सांगितली आणि तें पाणी काढण्याच्या खटपटीस राजानें लागूं नये, असें बजाविलें. मग राजानें डोंगरांत आणखी लेणीं कोरविलीं.

श्रोतेहो, हें पुराण म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. देव व विद्याधर बाजूस ठेवले तरी त्या वृद्ध कारागिराचें बोलणें शिल्लक राहतें, आणि तें अगदीं शास्त्रशुद्ध आहे. आपलें दख्खनचें पठार लाव्हारसाच्या थरांवर थर सांचून झालेलें आहे. प्रत्येक थराचा गाभा घट्ट व कठीण असतो. त्यांतून पाणी सहसा जात नाहीं. थराचा माथा मात्र सच्छिद्र असतो, आणि दोन थरांच्या सांध्यांत पुष्कळदां तांबड्या मातीची पट्टी आढळते. पावसाचें पाणी भेगांतून खालीं उतरतें, घट्ट थर लागला कीं अडतें, आणि आडवें वाहत वाहत जेथें डोंगराची कड उघडी असेल तेथें झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. डोंगरांत ८० फूट आंत शिरणाऱ्या पाथरवटाच्या छिन्नीखालीं अशी एखादी शीर येणें हा योगायोग नव्हे. तो त्याच्या धंद्यांतला नेहमींचा प्रसंग होता. म्हणूनच सह्याद्रींत आणि त्याच्या फांट्यांत जेथें जेथें लेणीं आहेत, तेथें तेथें शेजारीं पाण्याचीं टाकीं बहुधा असतातच. मुंबईजवळच्या कान्हेरीस तर टाकीं व पन्हळी यांचें जाळेंच आहे. लेणें कोरणाऱ्यास दगड जितका कळावा लागे, तितकेंच पाणीही कळावें लागे.

त्यांतून लेणें कोरण्याची पद्धत अशी, कीं तींत चूक दुरुस्त करतां येत नाहीं. काम छताकडून खालीं उतरत जातें. प्रथम वरचा भाग पोखरून छत सपाट करावयाचें, मग खालचा दगड काढीत जावयाचें आणि जेथें खांब हवे तेथें दगड तसाच राखावयाचा. अजिंठ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत हा क्रम आजही स्पष्ट दिसतो. बांधलेल्या इमारतींत एक दगड वाईट निघाला तर दुसरा आणतां येतो. कोरलेल्या इमारतींत डोंगर जसा असेल तसा पत्करावा लागतो. धाराशिवच्या डोंगराचा दगड सर्वत्र सारखा मजबूत नाहीं. कित्येक ठिकाणीं लेण्यांचे दर्शनी भाग ढासळून गेले आहेत. अशा दगडांत काम करणाऱ्यानें शीर फुटल्यावर काम टाकून दिलें नाहीं, किंवा तिच्याशीं झगडाही केला नाहीं. तिला थोपविलें, आणि थोपविणाऱ्या गांठीवर देवाचें आसन मांडलें. कथेंतील राजास त्या गांठीचा अर्थ कळला नाहीं, इतकेंच.

आतां दुसऱ्या जागेकडे वळूं. तुळजापुरावरून दक्षिणेकडे, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग आहे. तेथील किल्ला विस्तारानें फार मोठा आहे. त्याच्या तटास शंभराहून अधिक बुरूज आहेत. १८५३ नंतर कांहीं वर्षें मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी येथें कारभार पाहत असे, आणि त्यानें आपल्या आत्मचरित्रांत या किल्ल्याची हकीकत लिहून ठेविली आहे. पण जें पाहण्यासाठीं आपण येथें यावें तें तटांत किंवा बुरुजांत नाहीं. किल्ल्याच्या अंगानें बोरी नदी वाहते. तिच्यावर धरण घालून हा किल्ला पलीकडील रणमंडळ नांवाच्या लहान किल्ल्याशीं जोडलेला आहे. हें धरण विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, मीर इमादीन नांवाच्या स्थापत्यकारानें बांधलें. आणि या धरणाच्या भिंतींतच, पाण्याच्या पातळीच्या खालीं, एक महाल आहे. त्यालाच पाणीमहाल म्हणतात.

धरणाच्या माथ्यावरून अरुंद जिन्यानें खालीं उतरावें लागतें. एका बाजूस, भिंतीपलीकडे, अडविलेल्या नदीचा सारा भार आहे, आणि आपण त्या भिंतीच्या पोटांत उतरत आहों, ही जाणीव मनांतून जात नाहीं. खालीं कमानींची नाजूक दालनें आहेत, आणि खिडक्या नदीच्या उताराकडे उघडतात. नदीला पूर आला कीं धरणाच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळूं लागतें. या धबधब्यांस लोक नर व मादी म्हणतात. त्या वेळीं खिडकींत उभे राहिलें असतां समोर पाण्याचा पडदा असतो, अंगावर गार तुषार येतात, कानांत दुसरा आवाज शिरत नाहीं, आणि महालांत मात्र पाणी येत नाहीं. चारशें वर्षें होऊन गेलीं, तरी हा खेळ बिघडलेला नाहीं.

मीर इमादीन यानें नदीला अडविलें खरें; पण अडवितांना तिला जाण्याची वाटही ठेविली. पुराचें पाणी कोठून जाईल, किती जोरानें जाईल, कोठें पडेल, याचा हिशेब त्यानें आधीं केला, आणि मग त्या हिशेबांत राजाच्या विलासाची जागा बसविली. लेण्यांतील कारागिरानें पाणी थोपविलें, या स्थापत्यकारानें तें वळविलें. दोघांनींही त्याचा स्वभाव ओळखून मगच आपलें काम आंखलें.

हें सारें येथें, या जिल्ह्यांत घडावें, यालाही कारण आहे. बालाघाटाची ही रांग म्हणजे पाण्याची वांटणी करणारी रांग आहे. तिच्या एका अंगास पडलेला पाऊस तेरणा आणि मांजरा यांच्या वाटेनें गोदावरीस जातो. दुसऱ्या अंगाचा बोरीसारख्या नद्यांच्या वाटेनें भीमेस जातो. दोन मोठ्या नद्यांना पाणी देणाऱ्या या माथ्यावर स्वतःसाठीं मात्र पाणी राहत नाहीं. पाऊस बेताचा आणि तोही बेभरंवशाचा. काळा दगड पाणी सांठवितो तें केवळ आपल्या भेगांत व झिजलेल्या थरांत; त्यामुळें येथें प्रत्येक घागरीस मोल आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपणांपैकीं अनेकांना आठवत असेल. धाराशिव जिल्ह्यांतील गांवांनींही दुष्काळाच्या वर्षांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून दिवस काढले आहेत.

आणि अशा वर्षांत आपण काय करतों? विहीर आटली कीं कूपनलिका घेतों. ती आटली कीं आणखी खोल घेतों; शंभर फुटांवर नाहीं तर तीनशें फुटांवर, तीनशेंवर नाहीं तर त्याहून खालीं. वरच्या थरांतील पाणी एका चांगल्या पावसाळ्यांत भरून येतें. फार खोलच्या भेगांतील पाणी सांचण्यास कितीतरी पावसाळे लागतात, आणि तें उपसण्यास एखादा उन्हाळा पुरतो. शेजाऱ्याची विहीरही त्यामुळें कोरडी पडते, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. तोही काय करील? उभें पीक डोळ्यांदेखत वाळत असतां त्याला थांब म्हणणें सोपें नाहीं. पण राजाच्या हातून लेण्यांतली गांठ एकदांच फुटली. आपण ती रोज, शेंकडों ठिकाणीं फोडीत आहों, आणि आपल्या वेळीं वर उसळून येण्याइतकें पाणीही खालीं उरलेलें नाहीं. अशा वेळीं पावसाचें पाणी जागच्या जागीं मुरविणें, नाले अडविणें, गांवच्या एकूण पाण्याचा हिशेब मांडून मगच पीक ठरविणें, हीं कामें दिसावयास सामान्य आहेत. पण त्या वृद्ध कारागिराचें शहाणपण त्यांतच आहे.

तेव्हां श्रोतेहो, पुढच्या खेपेस या रस्त्यांवरून जातांना एक दिवस हातचा राखून ठेवा. तुळजाभवानीचें दर्शन घ्या. मग धाराशिवास जा, आणि सवड असेल तर तेरचें प्राचीन विटांचें त्रिविक्रम मंदिर व तेथील लामतुरे संग्रहालयही पाहून या. परततांना नळदुर्ग वाटेवर येतें. पाणीमहाल पावसाळ्यांत पाहावा. लेणीं पावसाळा सरतां सरतां, दरी हिरवी आणि पायवाट कोरडी असतांना पाहावीं. बरोबर चांगला विजेचा दिवा आणि पिण्याचें पाणी असूं द्यावें. आंत मोठ्यानें बोलूं नये. वटवाघळें व मधमाशा यांची तेथें जुनी वस्ती आहे, आणि त्यांचा राग परवडणारा नसतो. मूर्तीस तेल-पाणी लावूं नये, व कोळशानें किंवा खिळ्यानें भिंतींवर आपलें नांव कोरूं नये. ज्यांनीं हें सारें लेणें कोरलें त्या पाथरवटांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. तेव्हां तेथें आपलें नांव राहिलेंच पाहिजे, असा हट्ट कशासाठीं?

मुलांना मात्र अवश्य बरोबर न्यावें. मोठ्या मंडपाच्या मध्यावर त्यांना क्षणभर गप्प उभें करावें, दिवा मालवावा, आणि अंधारांत कान देऊन ऐकण्यास सांगावें. पाऊस नुकताच होऊन गेला असेल, तर दगडाच्या आंत कोठेंतरी पाणी ठिबकत असल्याचा आवाज त्यांच्या कानीं येईल. मग त्यांना करकंडाची गोष्ट सांगावी. ती त्यांना तेथें जशी समजेल, तशी घरीं बसून पुस्तकांत समजणार नाहीं.